वरच्या वर्गातील मरून टॉवेल

सोलापुरात टॉवेल तपासणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु स्वतः पास केलेला टॉवेल जमिनीपासून तीस हजार फुटांवर, एका सभ्य गृहस्थाच्या तोंडावर नापास होताना पाहण्याचे भाग्य त्यांपैकी बहुधा मला एकट्यालाच लाभले असावे. "विमानात तो नवा बिझनेस क्लास निघाला आहे, त्यातून तुम्ही रात्रभर प्रवास करून आलात, त्याविषयी लिहा," असे या अंकाच्या संपादकांनी मला सुचवले. त्यांच्या डोळ्यांसमोर रुंद खुर्च्या, परदेशी फळे आणि हवाईसुंदरी होत्या, हे मी जाणतो. त्या सर्व यथास्थित येतील. मात्र त्यांच्याबरोबर आमचे नरसय्या मास्तरही येतील, आणि त्यांना मागच्या रांगेत बसवता येणार नाही. ते एकदा करून झाले आहे.

मी एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात तपासनीस आहे. वय छप्पन्न. त्यांतील अठ्ठावीस वर्षे कापडाकडे संशयाने आणि स्वतःकडे विश्वासाने पाहण्यात गेली. तपासनिसाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फार सोपे वाटते, आणि ते सोपे आहेही. टॉवेल टेबलावर पसरायचा, सुटलेला धागा पाहायचा, वजन करायचे, पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का ते पाहायचे आणि सही ठोकायची. या सहीनंतर मालात दोष निघाला तर तो विणकराचा किंवा रंगाऱ्याचा असतो. मालाची तारीफ झाली तर ती तपासणीची असते. ही वाटणी कोणी ठरवली हे मला ठाऊक नाही, पण ती मोडावी असे मला अठ्ठावीस वर्षांत कधी वाटले नाही.

विक्षिप्त गिऱ्हाइके आम्हांला भरपूर भेटतात. माळशिरसच्या एका बागाईतदारांनी मुलीच्या लग्नासाठी वधूवरांची नावे विणलेले दोनशे टॉवेल करून घेतले. माल तयार झाला आणि लग्न मोडले. गृहस्थ कारखान्यात आले आणि म्हणाले, "पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या, त्या पोराचं तेवढं उसवून द्या." विणलेले नाव उसवता येत नाही, टॉवेलच उसवतो, हे मी त्यांना समजावले. ते थोडा वेळ विचारात बसले आणि म्हणाले, "मग त्याच नावाचा दुसरा बघतो." दोन महिन्यांनी ते खरोखरच टॉवेल घेऊन गेले.

सांगोल्याकडचा एक मेंढपाळ विक्रीच्या खिडकीशी आला होता. त्याने लाल चादरीचे टोक तोंडात घातले, गंभीरपणे चावले, तळहातावर थुंकला आणि तो हात उन्हात धरून मला दाखवला.

"रंग जातुय की ओ."

"पहिल्या धुण्याला थोडा जातोच."

"मग पैलं धुणं तुमीच करून द्या. म्या धुतल्यालीच घिऊन जातो."

आम्ही सर्व हसलो. हसण्यात मी पुढे होतो. वास्तविक त्या माणसाने अर्ध्या मिनिटात जी ओली चाचणी केली, ती मी पुढे एका फार मोठ्या मालाच्या बाबतीत केली नाही.

ती का केली नाही हे समजण्यासाठी आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. सोलापुरात नवी चादर किंवा टॉवेल घरी आला की घरातील बाई तो प्रथम वेगळ्या बादलीत, मिठाच्या पाण्यात भिजवते. वरवरचा रंग निघून जातो आणि मग ते कापड जन्मभर इमानाने राहते. या रिवाजात आम्ही सगळे इतके वाढलो आहोत की कारखान्यातील शेवटचे काम जगातील प्रत्येक गृहिणी आपल्या मोरीत पुरे करणार, हे आम्ही गृहीत धरून चालतो. गृहिणी नसलेले गिऱ्हाईक आमच्या कल्पनेत बसत नाही.

आता मरून रंगाविषयी. हा रंग सुतावर दोन हौदांत चढतो. पहिल्या हौदात सूत भिजवतात, दुसऱ्यात घातले की रंग एकदम फुलतो. पाहणाऱ्याला वाटते, झाले. पण खरे काम तेव्हा सुरू होते. जो रंग धाग्याच्या आत शिरला तो पक्का. जो वर नुसता बसून राहिला तो पाहुणा, आणि या पाहुण्याला साबणाच्या उकळत्या पाण्यात पुनःपुन्हा घोळून घालवावे लागते. नरसय्या मास्तर मरूनला चार उकळ्या देत. त्यांचे वडीलही रंगारीच होते. घरी तेलुगू, रंगखात्यात मराठी, आणि हौदाजवळ उभे राहिले की कोणतीच भाषा नाही, असा तो माणूस. कोपरापर्यंत रंगलेले हात पाठीमागे बांधून ते पाण्याकडे पाहत राहत. त्यांचा मरून गावात दुसऱ्या कोणालाही साधत नसे, आणि हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, त्यामुळे मीच ते माझ्या वतीने सगळीकडे सांगत असे.

अठ्ठ्याहत्तर साली युरोपातील एका विमान कंपनीकडून आमच्या मालकांना मागणी आली. आपल्या नव्या वर्गातील उतारूंना तोंड पुसायला वाफेवर गरम केलेले छोटे टॉवेल देण्याचा तिचा विचार होता, आणि तिला मरून रंग हवा होता. नमुना नरसय्यांनी केला. चार उकळ्या, नितळ पाणी, दोन दिवस. नमुना पसंत पडला. करारात एक वाक्य होते की माल स्वच्छ वेष्टनात, थेट वापरण्यायोग्य असावा. ते मी वाचले होते. इंग्रजी पत्रांत अशी शोभेची वाक्ये असतात, असा माझा समज होता.

माल मात्र उन्हाळ्यात रंगवायचा होता, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी ही वस्तू नळापेक्षा बोलण्यात अधिक असते. कारखान्याची विहीर तळाला गेली. टँकर दिवसाआड येई. जहाजाची तारीख मात्र कोणासाठी आटत नव्हती. दोन उकळ्या झाल्यावर मालकांनी पाणी बंद केले आणि मी रंगखात्यात माल पाहायला गेलो.

"सायब, आजून दोन उकळ्या पायजेत," नरसय्या म्हणाले. "रंग वर बसलाय. आत न्हाई गेला."

मी कोरडे फडके घेऊन सुताची लडी घासली. फडके जवळजवळ पांढरे राहिले. "हे बघा मास्तर, कुठे उतरतोय?"

"वलं करून घासा की."

"पहिल्या धुण्याला जाईल तो."

"कोन धुनार? विमानात मोरी हाय काय?"

दोघे हसलो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा माझ्या टेबलाशी आले. "सायब, जहाज जाऊ द्या पुडच्या वेळंला. ह्यो माल सोडू नका. नाव जाईल."

"कोणाचं नाव जाणार आहे मास्तर? टॉवेलावर आपलं नाव थोडंच आहे?" असे विनोदाने म्हणून मी सही केली. ओले फडके माझ्या टेबलाच्या खणातच होते. ते काढले असते तर उत्तर मिळाले असते, आणि मला उत्तर नको होते. मला पास झालेला माल हवा होता.

माल गेला. काही महिन्यांनी त्या कंपनीने पुढच्या, कितीतरी मोठ्या मागणीच्या बोलण्यासाठी आमचा प्रतिनिधी तिकडे बोलावला. मालकांना विमानाची भीती वाटे. त्यांनी मला सूट शिवून दिला आणि पाठवले. बोलणी उत्तम झाली. निरोप देताना तिथले अधिकारी म्हणाले, "तुमचे टॉवेल उद्याच्या विमानात प्रथमच वापरात येणार आहेत. परतीचा प्रवास आमच्या नव्या वर्गातून करा आणि ते स्वतःच पाहा." इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी खड्ड्यात बोलावले नव्हते.

तर आता तो वर्ग. वाचकांना वाटत असेल की विमानात वरचा वर्ग म्हणजे वर कुठेतरी असेल. तसे नाही. मधे एक पडदा लावतात. त्याच्या पुढे बसलेले वरचे आणि मागे बसलेले बाकीचे. पडदा मी धंद्याच्या सवयीने बोटांनी चाचपला. कापड साधारण होते. आमच्याकडे नापास झाले असते. त्या सामान्य कापडाच्या पुढे बसल्यावर माणसात जो फरक पडतो तो मात्र असामान्य आहे. मी बसून पाच मिनिटे झाली नसतील, तोच मागे चाललेल्या लोकांकडे, सामानाची पोती घेऊन चालले आहेत बिचारे, अशा नजरेने मी पाहू लागलो. माझे स्वतःचे सामान कापडी पिशवीत होते.

खुर्ची रुंद. पाय पसरायला जागा. कानांत घालायला संगीताची नळी. बसल्याबसल्या पेय. खाद्यपदार्थांच्या यादीचे सुबक पुस्तक, जे मी लग्नपत्रिकेसारखे जपून खिशात घातले आणि हवाईसुंदरीने हसून परत मागितले.

शेजारी एक डॉक्टर होते. मूळचे वाईचे, पण वीस-पंचवीस वर्षे तिकडेच स्थायिक. टक्कल तुळतुळीत, सदरा पांढराशुभ्र.

"या वर्गात पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारले.

"हो. आपण कसं ओळखलंत?"

"तुम्ही पट्टा बांधून वर गाठ मारलीत."

मी गाठ सोडली. ते म्हणाले, "बरं, तुमच्याकडे अजून पाणी उकळूनच प्यावं लागतं ना?"

"पिण्यापुरतं मिळालं तर उकळतो," मी म्हणालो. त्यांना ते नम्रतेने बोलणे वाटले.

विमान वर जाऊन स्थिर झाले आणि टॉवेल आले. रुपेरी तबकात सुरळीच्या वड्यांसारखे गुंडाळून ठेवलेले, वाफाळणारे, मरून. हवाईसुंदरी चिमट्याने एकेक उचलून देत होती. काठाची वीण मी दहा फुटांवरून ओळखली. खरे सांगतो, ऊर भरून आला. आमच्या रंगखात्यातील हौदातून निघालेली वस्तू ढगांवर चिमट्याने वाढली जात होती! मी डॉक्टरांकडे वळलो, "हे आमचे," असे सांगण्यासाठी तोंड उघडले, आणि त्याच क्षणी डॉक्टरांनी टॉवेल उलगडून तोंडावर दाबला.

तो काढला तेव्हा समोर वेगळेच गृहस्थ होते. कपाळ मरून, गाल मरून, आणि टक्कल, जिथे त्यांनी विशेष आस्थेने पुसले होते, तिथे तर रंग असा बसला होता की नरसय्यांच्या चार उकळ्यांनीही निघू नये. आमच्याकडे रंगपंचमीला सायंकाळी माणसे अशी दिसतात. मी मान वळवून पाहिले. सहा रांगांत सगळीकडे रंगपंचमी चालू होती. एका वृद्ध बाईंच्या पांढऱ्या केसांना गुलाबी काठ आला होता. पांढऱ्या कॉलरी एकामागून एक रंगत होत्या. आणि कोणालाच काही कळले नव्हते, कारण स्वतःचा चेहरा कोणालाच दिसत नाही. सगळे तृप्त डोळ्यांनी मागे टेकून बसले होते.

माझा टॉवेल मी तसाच गुंडाळलेला हातात धरला होता.

"तुम्ही नाही पुसलंत?" डॉक्टर म्हणाले.

"सर्दी आहे."

"मग तर अवश्य पुसा. सर्दीला वाफ चांगली." हा सल्ला त्या परिस्थितीत, त्या चेहऱ्याने दिलेला, मला आजही स्वप्नात मिळतो.

पाच मिनिटांनी हवाईसुंदरी तबक घेऊन परत आली, आणि तबक तिच्या हातातून निसटले. डॉक्टर स्वच्छतागृहात जाऊन आरशात पाहून आले. टॉवेलाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीचे टोक त्यांनी माझ्या नाकासमोर धरले.

"बघा! मेड इन इंडिया! मी यांना कित्येकदा सांगितलंय, इंडियातून काही मागवू नका."

त्या वेळी मी काय म्हणायला हवे होते याच्या अनेक आवृत्त्या मी नंतर तयार केल्या आहेत. त्यांतील काही फार बाणेदार आहेत. प्रत्यक्षात मी म्हणालो ते असे: "हो ना. तिकडे असंच चालतं."

तिकडे. विमान ज्या दिशेने चालले होते, जिथे माझे घर होते, ते ठिकाण पडद्याच्या पुढे बसल्यावर तासाभरात माझ्यासाठी "तिकडे" झाले होते.

पण विमानात पाहुण्यांची यादी असते. थोड्या वेळाने कर्मचाऱ्यांचा प्रमुख माझ्यापाशी येऊन अदबीने वाकला. "आपणच त्या कारखान्याचे प्रतिनिधी ना?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा मरून होता आणि माझा पांढरा, तरी लाज कोणाला वाटायला हवी याविषयी कोणाचा घोटाळा झाला नसता. प्रमुखाने एक छापील कागद आणि सुंदर पेन दिले. झाल्या प्रकाराचे कारण आपण आपल्या शब्दांत लिहावे, तो कागद कंपनीकडे जाईल, अशी त्याची विनंती होती.

कारण मला ठाऊक होते. "तपासनिसाने ओली चाचणी केली नाही" एवढे पाच शब्द होते. ते लिहायला मला इंग्रजी पुरेसे येते. मी लिहिले की रंगाऱ्याच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे हे घडले असून त्याच्याविरुद्ध योग्य कारवाई करण्यात येईल. "अक्षम्य"साठी इंग्रजीत चांगला शब्द कोणता, याचा मी बराच वेळ विचार केला. तेवढा विचार त्या लडीचा केला असता तर तो शब्द लागलाच नसता.

"कोणाची चूक निघाली?" डॉक्टरांनी विचारले. आता ते जरा निवळले होते.

"रंगाऱ्याची."

"हाकला त्याला."

"हाकलतील," मी म्हणालो.

मग जेवण आले. पाच प्रकार होते, सगळे खाल्ले. दिवे मंद झाले. खुर्ची मागे कलली, कोणीतरी अंगावर पांघरूण घातले, आणि मुंबई येईपर्यंत मला गाढ झोप लागली. या सबंध प्रकरणात मला सर्वांत अधिक लाज त्या झोपेची वाटते.

मी सोलापूरला पोहोचण्याआधी विमान कंपनीचा टेलेक्स पोहोचला होता. मोठी मागणी अर्थातच रद्द. दुसऱ्या दिवशी मालकांनी नरसय्यांना कचेरीत बोलावले. मी तिथेच खुर्चीवर होतो. नरसय्या उभे होते.

"बोला मास्तर, काय म्हणणं आहे तुमचं?"

नरसय्यांनी मालकांकडे पाहिलेच नाही. "मी काय बोलू? सायबांना इचारा. तेंनी माल बगितला, तेंनी सही केली. सायब खरं सांगतील."

हे ते विश्वासाने बोलले. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मास्तर अनुभवी आहेत. पण चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. माझी विनंती आहे की त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहावे."

या वाक्याचे मी पुढे फार कौतुक केले आहे. त्यात दया आहे, भारदस्तपणा आहे, आणि माणूस पुरता गाडला जाईल इतकी माती आहे. मालकांनी सहानुभूतीने त्यांना त्याच दिवशी कामावरून काढले.

नरसय्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग मालकांना म्हणाले, "हौदात निळा हाय. त्यो काढतो, मग जातो." अर्धा तास लागला. ते सूत त्यांनी स्वतः पिळून वाळत घातले आणि गेले.

त्यानंतर मी गावात प्रसिद्ध झालो. असा प्रवास केलेला माणूस आमच्या भागात दुसरा नव्हता. वाचनालयाने माझे व्याख्यान ठेवले, मग एका शाळेने, मग दुसऱ्या एका मंडळाने. पट्ट्याच्या गाठीला हमखास हशा येई. तिसऱ्या व्याख्यानात एका बाईंनी विचारले, "तिथं तोंड पुसायला काय देतात हो?" मी सांगितले, "कागदी रुमाल."

त्या दिवशी सभा संपल्यावर सुताचा एक अडत्या व्यासपीठापाशी आला. त्याचे इचलकरंजीला जाणे-येणे असे.

"भाषण ब्येस झालं. तुमचा नरसय्या भेटला हुता की मला तिकडं. एका रंगखात्यात हाय."

"कसे आहेत?"

"कसा असनार? विमानमास्तर म्हनत्यात त्याला सगळी. नुसतं सूत पांढरं कराच्या कामावर घातलाय. गडद रंगाला हात लावू देत न्हाईत. म्हनत्यात, ज्यानं इमान रंगिवलं त्यो आमची लुगडी सोडतुय व्हय!" आणि तो मोठ्याने हसला.

ज्याचा मरून गावात कोणाला साधला नाही, तो माणूस दिवसभर सुतातील रंग घालवत बसला होता. बायको-मुले सोलापुरात, तो एकटा परगावी. मी घरी गेलो. जेवलो नाही, एवढे लिहिले तर फार वाटेल. जेवलो, पण चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मला काय ठाऊक नव्हतं का? पाणी मीच तोडलं होतं."

"मग त्यांना का काढलंत?"

"तुम्हीच लिहून दिलं होतं ना, कारवाई करू म्हणून? आता विमान कंपनीला मी काय दाखवायचं, विहीर?" ते किंचित हसले. "बोलवा त्याला हवं तर. पगार थोडा कमी करू, म्हणजे शिस्त राहील."

या उदारपणाची गाठोडी घेऊन मी एस.टी.ने इचलकरंजीला गेलो. नरसय्या रंगखात्याच्या मागच्या अंगाला होते. त्यांचे हात पांढरे झाले होते. कोपरापर्यंतचा तो जुना रंग सूत पांढरे करण्याच्या पावडरीने पार खाऊन टाकला होता. ओळखायला मला एक क्षण लागला.

"या सायब. बसा. चा सांगतो."

मी उभ्याउभ्याच बोललो. चूक माझी होती, मी मालकांना सांगितले आहे, तुम्ही परत या. पगाराचे मात्र मी गिळून टाकले.

त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला. "बरं केलं सांगितलं. पन मी न्हाई येनार."

"का मास्तर?"

"तितं परत गेलो तर मानसं म्हनतील, सायबांनी दया केली. ती झाली की एकदा."

मी कप घेऊन बाकावर टेकलो. त्याच वेळी तिथले कारखानदार आत आले. धिप्पाड, तोंडात पान. "कोन पावनं?"

नरसय्या चटकन म्हणाले, "सोलापूरचे आमचे तपासनीस सायब. लई मोटे. इमानानं जाऊन आलेत."

ही थट्टा होती की मला सांभाळून घेणे, ते मला आजही ठरवता येत नाही. एवढे खरे की परक्या माणसासमोर त्यांनी माझे नाव घालवले नाही. चहा पिऊन, नमस्कार करून मला निघता आले असते. दार तीन पावलांवर होते, आणि अशा दारांतून निघून जाण्यात माझा हातखंडा आहे.

"मी तुमच्याशीच बोलायला आलोय," मी कारखानदारांना म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "विमानातला तो माल मी पास केला होता. मास्तरांनी अडवला होता."

पान चघळणे थांबले. "अडिवला हुता?"

"दोनदा. आणखी दोन उकळ्या हव्यात म्हणाले. मी ऐकलं नाही. ओलं फडकं लावून पाहिलं नाही. मग विमानात यांच्यावर ढकललं. लिहून."

"आन् नोकरी ह्यांची गेली."

"हो."

"तुमची हाय?"

"आहे."

ते माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिले, जसा मी टॉवेलाकडे पाहतो. "झ्याक हाय की तुमचं सोलापूर!" ते म्हणाले. मग पान थुंकून आले आणि नरसय्यांकडे वळले. "मास्तर, तुमी का न्हाई ओ बोलला हे?"

"कोन ऐकनार हुतं?"

"हां. त्ये बी खरं हाय." त्यांनी थोडा विचार केला. "सोमवारपास्नं गडद रंग तुमी बगा. मरूनची लुगडी हाईत पाचशे."

 आनंद दाखवणे नरसय्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी कोपऱ्यातील नळाकडे पाहिले.

"पानी किती देनार?"

"नदी हाय की हितं. पायजे तेवढं घ्या."

"चार उकळ्या देनार. गरज लागली तर पाच. मधी कुनी घाई कराची न्हाई."

"न्हाई करनार."

"कुनी सही केली तरी मी सांगंपतुर माल सोडाचा न्हाई."

"न्हाई सोडनार, बास?" कारखानदार हसत बाहेर गेले.

नरसय्यांनी माझा रिकामा कप उचलला आणि नळाखाली धुतला. माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारले, "सायब, तुमची यष्टी किती वाजता हाय?"

"साडेचारला," मी म्हणालो.

तेव्हा नुकते दोन वाजले होते. तरी मी उठलो.